शेवटच्या कडव्यातलं नाव

माझी पोरगी नशरा पुण्याला नोकरीला लागली तेव्हा लोक विचारायचे, काय करते? मी सांगायचो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. खरं सांगायची सोय नव्हती. ती गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. पोरीला इंजिनिअर केलं आणि ती खेळ बनवते, हे महाडच्या बाजारात कुठल्या तोंडाने सांगायचं? आधीच अर्धा मोहल्ला म्हणायचा, लतीफने बापाचा ट्रकचा धंदा बुडवून कॅसेटी विकायला घेतल्या. आता लेक बापाच्या वर गेली असं म्हणायला मी त्यांना कशाला निमित्त देऊ?

माझं दुकान म्हणजे ‘नूर ऑडिओ’. नाव बायकोचं, नुरजहाँचं, आणि भांडवलही तिच्याच दागिन्यांचं, हे ती मला विसरू देत नाही. पुढे दुकान, मागे रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, म्हणजे आवाज घुमत नाही. महाड-पोलादपूरकडच्या गायन पार्ट्या माझ्याकडे यायच्या, गाणी भरायच्या, मी कॅसेट काढायचो, नंतर सीडी काढायला लागलो. मग एमपीथ्री आली. मी उभ्या आयुष्यात भरलेली सगळी गाणी एका तबकडीवर मावायला लागली आणि ती तबकडी फुटपाथवर चहाच्या भावात मिळायला लागली. तेव्हापासून माझा स्वभाव बिघडला असं नुरजहाँ म्हणते. तो आधीही फार चांगला नव्हता.

दोन हजार आठ सालची गोष्ट. चवदार तळ्याचा मार्चमधला कार्यक्रम नुकताच उरकला होता. वर्षातली माझी खरी विक्री त्याच दिवसांत होते. उरलेल्या सीड्या खोक्यात भरत होतो, तेवढ्यात नशराचा फोन आला.

“अब्बा, तुमच्याकडे यस्टीचं गाणं आहे ना, धम्मपालदादाचं?”

“आहे. कोण विचारतंय?”

“आमची कंपनी. आम्हाला ते गेममध्ये घ्यायचंय.”

मी खोकं खाली ठेवलं. तिने समजावून सांगितलं. पडद्यावर रंगीत गोळे वरून खाली येतात. गोळा रेषेवर आला की त्या रंगाचं बटण दाबायचं. बरोबर दाबलं तर गाणं चालू राहतं. चुकलं तर तेवढ्यापुरतं ते वाद्य गप होतं. गाणाऱ्याचा गोळा चुकला तर गाणारा गप.

“म्हणजे गाणं एकाचं, वाजवलं दुसऱ्याने आणि तिसऱ्याला वाटतं, मीच वाजवलं.”

“तसंच समजा.”

“आणि पैसे कोण देतो?”

“ज्याला वाटतं मीच वाजवलं, तो देतो, अब्बा.”

हे मला पटलं. जगात पैसे नेहमी त्यालाच द्यावे लागतात.

पुढचं ऐकून मी खुर्ची ओढून बसलो. सिनेमाची गाणी परवडत नाहीत म्हणून कंपनीला अशी माणसं हवी होती ज्यांचं गाणं त्यांच्या स्वतःच्या हातात आहे. गाणं विकायचं नाही, फक्त गेमपुरतं वापरायला द्यायचं. सुरुवातीला ठरलेली रक्कम. मग गेम खेळणाऱ्याने ते गाणं जादा म्हणून विकत घेतलं की दर वेळी त्यातला हिस्सा. पडद्यावर गाणाऱ्याचं नाव, आणि त्याची सीडी कुठे मिळेल तो पत्ता. मालकी धम्मपालचीच. उद्या त्याला दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर खुशाल द्यावं.

आमच्या धंद्यात असं ऐकलेलं नव्हतं. मुंबईचे कॅसेटवाले यायचे, शाल-नारळ द्यायचे, थोडेफार हातावर टेकवायचे आणि गाणं कायमचं घेऊन जायचे. मग आमचा गायक स्वतःचीच कॅसेट स्वतःच्या पैशाने विकत घेऊन पाहुण्यांना ऐकवायचा. ते पाहून पाहून माझं रक्त आटलं होतं.

धम्मपाल कापड्याचा. कापडे म्हणजे पोलादपूरच्या पुढे, भातशेतीचं गाव. शेती थोडी, म्हणून हा महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. आवाज असा की माइक लांब ठेवावा लागायचा. पण जयंतीचे कार्यक्रम आले की खाडे व्हायचे, आणि ठेकेदाराने त्या साली बजावलं होतं की आता एक जरी खाडा पडला तर गेट बंद. घरी बायको दीक्षा आणि दोन लेकरं. दीक्षा स्वतः पार्टीत गायलेली बाई, ती गाणं सोड म्हणाली नव्हती. हाच म्हणत होता. मार्चमध्ये तळ्यावरून परतताना दुकानात येऊन मला म्हणाला होता, “ह्या सालापुरतं, चाचा. मंग पेटी विकून टाकतो. गिऱ्हाईक असला तर बघून ठेवा.”

मी गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. त्याला बोलावून घेतलं आणि नशराचं म्हणणं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे गाण्यानं घरात दोन पैसे आणले तर गाण्याला घरात जागा ऱ्हाईल.”

“राहील.”

“मंग करू.”

आता त्या यस्टीच्या गाण्याविषयी सांगतो. धम्मपालच्या पार्टीत आधी बाबासाहेबांची गाणी, बुद्धाची गाणी, आणि शेवटी लोकांनी हसत हसत घरी जावं म्हणून एखादं हलकं गाणं. हे तसलं. पोलादपूरहून घाटात जाणारी यस्टी चढावर अडकते, कंडक्टर सगळ्यांना उतरवतो आणि मग जो तो ढकलायला लागतो.

‘पोलादपूरची यस्टी गो, घाट काय चढत नाय,
ढकला रे मंडळी, गिअर काय पडत नाय.’

सुरुवात रखडत रखडत, आणि कडव्यागणिक चाल वाढत जाते. शेवटी गाडी टेपावर, म्हणजे घाटमाथ्यावर पोचते तेव्हा ढोलकीवाल्याचे हात दिसत नाहीत. ढोलकीवर सोमा. तो दिवसा हॉटेलात भजी तळायचा आणि त्याच हाताने ढोलकी वाजवायचा, त्यामुळे माझ्या खोलीला तेलाचा वास यायचा.

गाणं आमच्याकडे भरलेलं होतं, पण ते नशराच्या कामाचं नव्हतं. गेममध्ये एकेक वाद्य वेगळं गप करावं लागतं, म्हणून प्रत्येकाचं वेगळं रेकॉर्डिंग हवं. ढोलकी वेगळी, पेटी वेगळी, टाळ वेगळे, गाणं वेगळं. सोमाला एकट्याला खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. त्याने दोन हात मारले आणि थांबला.

“लतीफशेठ, ह्यो समोर नसंल तर मी कोनाकडं बघून वाजवू?”

शेवटी धम्मपालला काचेच्या अलीकडे माझ्याशेजारी उभं केलं. आवाज बंद, नुसतं तोंड हलवायचं आणि हात दाखवायचे. अख्खं गाणं त्याने मुक्याने गायलं आणि सोमाने ते बघून वाजवलं. नुरजहाँ चहा घेऊन आली, तिने हे पाहिलं आणि ट्रे ठेवून आल्या पावली परत गेली. पण काम झालं. सगळं वेगळं वेगळं भरून मी पुण्याला पाठवलं. नशरा म्हणाली, कंपनीतले लोक ढकलाढकलीला नाचले.

आणि मग तिचा दुसरा फोन आला.

“अब्बा, शेवटच्या कडव्यात ‘महिपत म्हणे’ असं आहे. हे महिपत कोण?”

मी कपाळावर हात मारला. माझं आयुष्य ह्या गाण्यांत गेलं, पण ही गोष्ट कोणी विचारील असं मला वाटलंच नव्हतं.

महिपतदादा म्हणजे धम्मपालचे गुरू. राहणार कुडपण, पोलादपूरच्या वरचं पठार. त्या भागात निम्म्या पार्ट्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांच्या पार्टीची रीत अशी की चेल्याने गाणं रचलं तरी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचं नाही, गुरूचं घालायचं. ‘महिपत म्हणे’ ऐकलं की लोकांना कळतं, गाणारा कुठल्या घरचा आहे. ते नाव घालायला मिळणं हाच मान. स्वतःचं नाव घालायचं ते गुरूने चार लोकांत तोंडाने सांगितलं तरच, आणि महिपतदादांनी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. उलट एकाकडून आपलं नाव काढून घेतलं होतं. भिकू म्हणून एक चांगला गायक होता. एका जयंतीला पिऊन उभा राहिला. दादांनी स्टेजवर जाऊन माइक घेतला आणि म्हणाले, आजपासून माझं नाव ह्याच्या तोंडी नको. त्यानंतर भिकूला कोणी कार्यक्रमाला बोलावलं नाही.

हे सगळं मी नशराला सांगितलं. तिला समजलंही. पण तिच्या वरच्या माणसांना एवढंच समजलं की गाण्यात ज्याचं नाव आहे त्याने लिहून द्यायला हवं, की हे गाणं माझं नाही आणि माझा ह्यावर हक्क नाही.

“आज ते काही म्हणणार नाहीत, अब्बा. उद्या त्यांच्या नात्यातला कोणी उठला आणि दावा केला तर? कागद नसेल तर गाणं घेता येणार नाही.”

तिचं चुकलं नव्हतं. पण ह्या कागदाचा आमच्याकडे एकच अर्थ होत होता. गुरूने चेल्याच्या गाण्यावरून आपलं नाव काढलं. जे भिकूचं झालं तेच.

धम्मपालला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ दुकानातल्या जुन्या कॅसेटी चाळत बसला. मग म्हणाला, “चाचा, दादांनीच रचलं असं लिवून टाका. पैसेबी त्यांनाच जाऊ द्या.”

मी भडकलो. “आणि तू? ठेकेदाराच्या गेटावर उभा राहून ऐकणार तुझं गाणं? आणि दादांकडून खोट्यावर सही घेणार? सत्तर वर्षं खोटं बोलले नाहीत ते, आता तुझ्यासाठी बोलतील?”

“मंग नको करू या.”

“नको तर नको. पेटीला गिऱ्हाईक बघतो.”

हे बोलून गेलो आणि त्याचा चेहरा उतरला. तो उठून गेला. आठवडाभर फिरकला नाही. मग एक दिवस दुपारी आला तो दारातूनच म्हणाला, “दादांना इचारू. लपवून काय करायचा नाय. जायचं तर समोर जाऊ.”

रविवारी नशरा पुण्याहून आली, लॅपटॉप घेऊन. माझ्या जुन्या ओम्नीत आम्ही तिघं निघालो. कापडे सोडलं की चढ लागतो. वर एका वळणावर ओम्नी बंद पडली आणि धम्मपाल मुकाट उतरून ढकलायला लागला. इतर वेळी कोणीतरी यस्टीचं गाणं म्हटलंच असतं. कोणी म्हटलं नाही.

महिपतदादा पडवीत बसून सुतळीने टोपलीची कड बांधत होते. जयभीम झाला. जानकीबाईंनी, म्हणजे दादांच्या बायकोने, पाणी आणलं आणि नशराला जवळ बसवून घेतलं. मी आल्या कामाला हात घालणार, तोच दादा म्हणाले, “आधी खेळ दाव. कशात घालतायसा गाणं, ते बघू दे.”

नशराने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. गोळे कसे येतात, बटण कधी दाबायचं ते सांगितलं. दादांनी चष्मा चढवला. यस्टी सुरू झाली. पहिले चार-पाच गोळे त्यांनी बरोबर पकडले. मग एक हुकला आणि धम्मपालचा आवाज मध्येच बंद पडला. ढोलकी एकटीच वाजत राहिली. मग परत आवाज आला.

“ह्यो गप का झाला?”

“तुमचा गोळा चुकला, आजोबा. चुकलं की आवाज जातो.”

“मी चुकलो तर ह्याचा आवाज जातो?” दादांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “उलटी रीत हाय तुमची.”

तरी ते पुन्हा खेळले. दुसऱ्यांदा बरेच गोळे पकडले. सुतळी वळायचे हात, तालाला पक्के. जानकीबाई म्हणाल्या, “आता जेवनाचं बगा, न्हायतर रातभर ह्येच.” सगळे हसलो. मला वाटलं, आता काम सोपं झालं.

मी कागद काढला, वाचून दाखवला. दादा ऐकत होते. हातातली सुतळी त्यांनी बाजूला ठेवली.

“धम्मा, गाणं कोणी केलं?”

“तुमच्या नावानं झालं, दादा.”

“नाव इचारलं नाय. केलं कोणी?”

“तुमच्या आशीर्वादानं.”

“तिसऱ्यांदा इचारतो.”

धम्मपालने मान खाली घातली. “मी केलं.”

गुरूसमोर ‘मी केलं’ म्हणणं त्याला किती जड गेलं ते मी शेजारी बसून पाहिलं. दादांनी माझ्याकडून पेन घेतलं, कागद मांडीवर ठेवून सावकाश सही केली. महिपत. पुढे बापाचं नाव, गाव, तालुका. कागद नशराच्या हातात दिला. मग धम्मपालला म्हणाले, “गाणं तुझं हाय, तुला लिवून दिलं. आता माझं नाव तुझ्या तोंडी नको.”

मला राहवलं नाही. “दादा, हा कंपनीचा कागद आहे. त्यांना आपली रीत काय माहीत? सही करून टाका आणि विसरून जा की. गाण्यात नाव राहू दे.”

“आणि भिकूला काय सांगू?” ते माझ्यावर चिडले नव्हते. “त्याचं नाव काढलं तवा तो पाया पडला हुता माझ्या. त्याला म्हणालो, रीत सगळ्यांना सारखी. आज ह्यो लाडका म्हणून कागदावर नाय म्हणायचं आणि गाण्यात हाय म्हणायचं? तसं चालत नाय, लतीफशेठ.”

जानकीबाईंनी चहा आणला. तो आम्ही प्यायलो. धम्मपालने दादांच्या पायांना हात लावला, दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्ही निघालो. येताना उतार होता, ओम्नी बिनतक्रार खाली आली. मागच्या सीटवर धम्मपाल रडत होता. नशरा खिडकीबाहेर बघत होती आणि मी रस्त्याला शिव्या देत होतो.

दिवाळीच्या सुमारास गेम आला. नाव इंग्रजी होतं, ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही. नशराने एक सीडी पाठवली, ती मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावली. धम्मपाल आणि सोमा दोघं आले होते. पडद्यावर आधी नाव आलं, ‘धम्मपाल आणि पार्टी, कापडे’. खाली ‘नूर ऑडिओ, महाड’. सोमाने स्वतःच्या ढोलकीचे गोळे दाबायला घेतले आणि दर वेळी चुकला. तो म्हणाला, बटण लबाड आहे.

गाणं चालत चालत तिसऱ्या कडव्यापर्यंत आलं, चाल वाढली, गाडी टेपाच्या जवळ आली, आणि टाळ्यांचा आवाज होऊन आकडे आले. खेळ संपला. शेवटचं कडवं नव्हतंच.

धम्मपाल म्हणाला, “पुढचं?”

मी नशराला फोन लावला. ती म्हणाली, खेळणाऱ्याचे हात दुखतात म्हणून सगळीच गाणी एवढीच ठेवलीत, नंतर ठरलं. कोणाचंच शेवटचं कडवं नाही. मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, “मला माहीत असतं तर मी तुम्हाला कुडपणला जाऊ दिलं असतं का, अब्बा?” मग मलाच वाईट वाटलं.

ज्या नावासाठी कागद केला ते नाव गेममध्ये आलंच नाही. आणि ज्या गाण्यात ते होतं त्या गाण्यातूनही गेलं.

बाकी मात्र नशराने सांगितलं होतं तसंच झालं, हे कबूल केलं पाहिजे. ठरलेली रक्कम आली. मग तीन-तीन महिन्यांनी हिस्सा यायला लागला. कधी बरा, कधी चहापाण्यापुरता. पण खरी कमाई गेमच्या बाहेर झाली. गेम खेळलेली पोरं माझ्या दुकानात येऊन ‘यस्टीवालं’ मागायला लागली. आखातातून सुट्टीवर आलेले आमचे लोक भेट म्हणून सीड्या न्यायला लागले. मुंबईच्या मंडळांनी पार्टीला बोलावलं, पनवेलने बोलावलं, पुण्याच्या एका कॉलेजने बोलावलं. धम्मपालने ठेकेदाराला स्वतःहून रामराम ठोकला. पेटी विकायची भाषा बंद झाली. महाडातल्या सायबर कॅफेवाल्याने पाटीवर गेमचं चित्र लावलं आणि माझ्या मोहल्ल्यात लोक विचारायला लागले, नशराची कंपनी म्हणजे तीच ना? मी म्हणायचो, मग काय.

पण धम्मपाल ते गाणं कार्यक्रमात गात नव्हता. लोक ओरडायचे, यस्टी, यस्टी. तो हात जोडायचा आणि दुसरं काही गायचा. शेवटचं कडवं सोडलं तर गाणं लंगडं. दादांचं नाव घालायची बंदी. स्वतःचं नाव घालायचं तर ते दादांनी दिलेलं नाही. ज्या गाण्याने त्याचं घर उभं केलं ते फक्त त्यालाच गाता येत नव्हतं. बाकी अख्ख्या जिल्ह्यातली पोरं बटणं दाबून गात होती.

पुढच्या मे महिन्यात कापड्याला जयंतीचा कार्यक्रम ठेवला होता. मुंबईकर गावी आले की जयंती करायची, हे आमच्याकडचं ठरलेलं. मी माझा रेकॉर्डर घेऊन गेलो. एकच माइक, स्टेजच्या पुढे उभा केलेला. दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या रांगेत खुर्चीवर महिपतदादा होते. गावाने बोलावलं म्हणून आले होते, धम्मपालच्या बोलावण्यावरून नाही. धम्मपालवर राग आहे असं त्यांनी कुठे दाखवलं नव्हतं, आणि नाही असंही नाही.

सगळी मोठी गाणी झाली. मग मुंबईकर पोरांनी सुरू केलं, यस्टी, यस्टी. धम्मपालने हात जोडले. पोरं ऐकेनात. बाया ओरडायला लागल्या. त्याच्याच गावच्या बाया, त्यांना नाही कसं म्हणणार? त्याने कोरसमध्ये बसलेल्या दीक्षाकडे पाहिलं. दीक्षाने टाळ उचलले. सोमाने ढोलकी पुढे ओढली.

रखडत रखडत यस्टी निघाली. कंडक्टर उतरला, मंडळी उतरली, ढकलाढकली झाली. चाल वाढत गेली. तिसरं कडवं संपलं, जिथे गेम संपतो तिथे पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण गाणं पुढे गेलं. शेवटच्या कडव्यावर धम्मपाल आला आणि नावाच्या जागी थांबला. नुसती ढोलकी वाजली. त्यानंतर त्याने उचललं,

‘म्हणे, गाडी कोणाची रे भाऊ?
ढकलील त्याची गाडी, चला वर जाऊ.’

पुढे बसलेलं एक पोरगं ओरडलं, “चुकला, गोळा चुकला.” बाकीची पोरं हसली. त्यांना खरंच तसं वाटलं असणार. त्यांना गेममधलंच माहीत. मला मात्र तिथे बसवेना. मोठ्या माणसांपैकी कोणी हसलं नव्हतं. रिकामी जागा कोणाची ते सगळ्यांना कळलं होतं.

ही ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची असते. धम्मपालने दुसऱ्यांदा घेतली. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा तो गप. पोरं पुन्हा ओरडली. सोमाची नजर ढोलकीवर नव्हती, तो धम्मपालकडे बघून वाजवत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

तिसऱ्यांदा ओळ आली. धम्मपाल थांबला. आणि खुर्चीतून दादा उठले. माइक नाही, काही नाही. जिथे उभे राहिले तिथूनच, म्हातारा फाटका आवाज, पण तालावर बरोबर, त्यांनी ती जागा भरली.

“धम्मपाल.”

नाव ‘महिपत’हून लांब. मात्रा जास्त झाली. सोमाने ढोलकी तेवढी धरून ठेवली आणि मग सोडली. धम्मपालला ‘म्हणे’ म्हणता येईना. ते दीक्षाने म्हटलं, मग कोरसने म्हटलं, मग मांडवातल्या सगळ्यांनी म्हटलं. दादा मागे वळून लोकांना म्हणाले, “ऐकलंसा ना सगळ्यांनी?” आणि खाली बसले. चार लोकांत तोंडाने सांगायचं असतं, ते त्यांनी सांगितलं होतं. मी रेकॉर्डरजवळ उभा राहून पोरासारखा रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तेच रेकॉर्डिंग आता सीडीवर आहे. मध्यंतरी नशराचा फोन आला. कंपनी गेमचा दुसरा भाग काढतेय, ह्या वेळी गाणी पूर्ण ठेवणार आहेत. तिला कापड्याचं रेकॉर्डिंग फार आवडलं होतं. पण वरच्या माणसांचं म्हणणं होतं की शेवटी तो लांबून कोणी ओरडतो, तो आवाज तेवढा काढून द्या, आणि धम्मपालकडून नाव नीट भरून घ्या.

मी म्हटलं, “त्यांना सांग, ह्या वेळी सगळं एकाच माइकवर आहे. वेगळं काढता येत नाही.”